ब्लूजचा सातबारा

१९१२ सालच्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका गाण्याच्या हजार प्रती छापून आल्या. गाण्याचं नाव ‘द मेम्फिस ब्लूज’. मोठ्या शहरांतल्या प्रकाशकांनी ते साभार परत केलं होतं, म्हणून रचनाकारानेच पदरमोड करून ते छापून घेतलं. विक्रीची बाजू थेरन बेनेट नावाच्या एका गोऱ्या संगीत-व्यावसायिकाने सांभाळायची असं ठरलं. काही दिवसांनी रचनाकार दुकानात चौकशीला गेला, तर त्याला जवळपास तेवढीच चळत जागच्या जागी दिसली. गाणं पडलं होतं. बेनेटने कॉपीराइट विकत घेण्याची तयारी दाखवली आणि पन्नास-शंभर डॉलरांत व्यवहार उरकला. पहिल्या हजार प्रती हातोहात खपल्या होत्या आणि आपल्याला दाखवलेली चळत दुसऱ्या छपाईची होती, हे रचनाकाराला फार उशिरा कळलं.

ही हकिगत विल्यम क्रिस्टोफर हँडी यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. ‘फादर ऑफ द ब्लूज’ असं त्या पुस्तकाचं नाव, आणि त्याच नावाने जग त्यांना ओळखतं. पण ब्लूज हा काही त्यांनी शोधून काढलेला प्रकार नव्हे. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले मजूर, भटके वादक, कापूस वेचणाऱ्या बाया तो आधीपासून गात होत्या. हँडींनी केलं ते वेगळंच काम. ते गाणं त्यांनी कागदावर उतरवलं, त्याची नोंदणी केली, छापलं, विकलं आणि एकदा हात पोळल्यावर त्याची मालकी स्वतःकडे राखायला ते शिकले. सूर सगळ्यांचा असला तरी सातबारा कुणाच्या तरी एकाच्या नावावर चढतो. त्यांची सगळी कारकीर्द या एका गोष्टीभोवती फिरली.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८७३चा, अलाबामा राज्यातल्या फ्लोरेन्स गावचा. अमेरिकेतली गुलामगिरी संपून तेव्हा आठ वर्षं झाली होती. आजोबांनी ओंडक्यांचं घर बांधलं होतं, वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. धर्मोपदेशकाच्या घरात गाणं म्हणजे प्रार्थना. बाकी सगळा सैतानाचा कारभार. पोराने रानातली फळं विकून, साबण बनवून पैसे साठवले आणि दुकानाच्या काचेआड दिसलेली गिटार घरी आणली. वडिलांनी ती तशीच परत करायला लावली आणि बदल्यात इंग्रजी शब्दकोश आणवला. भरपाई म्हणून ऑर्गनची शिकवणी मात्र लावून दिली. शाळेत वॅलेस नावाचे मास्तर होते. ते वाद्याशिवाय, नुसत्या सा-रे-ग-म सारख्या स्वरनामांवर मुलांकडून गाणी घोकून घ्यायचे. कुठलाही आवाज कानावर पडला की त्याचे स्वर ओळखायची सवय हँडींना तिथे लागली. पुढे चोरून कॉर्नेट हे पितळी वाद्य मिळवलं आणि तेच त्यांच्या पोटापाण्याचं साधन झालं.

तारुण्याची पहिली वर्षं वणवणीत गेली. शिक्षकाची परीक्षा पास झाले, पण शिक्षकाच्या पगारापेक्षा कारखान्यातली मजुरी जास्त होती, म्हणून बेसेमरच्या लोखंडी पाइपांच्या कारखान्यात राबले. चौघा गायकांचं टोळकं करून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गायला निघाले, तर प्रदर्शन वर्षभर पुढे ढकललेलं. मग सेंट लुईसला पोचले. खिसा रिकामा, नदीकाठच्या दगडी धक्क्यावर रात्री काढायची वेळ आली. त्या शहराच्या रस्त्यात नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत, झोकांड्या खात चाललेली एक बाई त्यांना दिसली. तिचं बोलणं त्यांच्या मनात वीस वर्षं घर करून राहिलं.

१८९६मध्ये ते महाराज् मिन्स्ट्रेल्स या फिरत्या मंडळीत आठवड्याला सहा डॉलरवर रुजू झाले. ‘महारा’ हे मालकांचं आडनाव. नाच, नकला, विनोद, बँड असा सगळा मसाला असलेली ही कंपनी गावोगाव फिरायची. कृष्णवर्णीयांची टिंगल करणारा हा प्रकार होता, पण कृष्णवर्णीय वादकाला रोजगार आणि अनुभव देणाऱ्या जागाही फारशा दुसऱ्या नव्हत्या. हँडी तिथे बँडमास्तर झाले. कंपनीबरोबर १९००मध्ये क्युबाला गेले. तिथला हाबानेरा हा लचकत चालणारा ठेका त्यांनी कानात साठवून आणला.

कलाटणी मिळाली ती मिसिसिपी राज्यात. १९०३मध्ये ते क्लार्क्सडेल गावी एका बँडचे मास्तर होते. एका रात्री टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. गाडी नऊ तास उशिरा. पेंगता पेंगता जाग आली, तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटार वाजवत होता. तारांवर बोटांऐवजी सुरीचं पातं दाबून तो स्वर घासत नेत होता, आपल्याकडच्या मींडेसारखा. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या मूरहेड गावाला आपण निघालो आहोत, एवढाच गाण्याचा विषय आणि तीच ओळ तीनदा. इतकं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं हँडींनी लिहून ठेवलं आहे.

नवल वाटणं वेगळं आणि किंमत कळणं वेगळं. ती कळली क्लीव्हलंड नावाच्या गावात. हँडींचा नऊ जणांचा सुटाबुटातला बँड नाचाच्या कार्यक्रमात वाजवत होता. तेवढ्यात श्रोत्यांकडून चिठ्ठी आली: गावातल्या पोरांना थोडा वेळ वाजवू द्याल का? तिघे पुढे आले. जुनाट गिटार, मँडोलिन आणि मोडकळीला आलेलं बास. एकच तुकडा ते घोळवत राहिले. ना आरंभ ना शेवट. पण लोक वेडे झाले आणि त्यांच्या पायांशी नाण्यांचा पाऊस पडला. हँडींच्या नऊ जणांना सगळ्या कार्यक्रमाचे जेवढे मिळायचे, त्याहून जास्त पैसे त्या तिघांसमोर पडले होते. आपण कागदावरचं शिस्तीचं संगीत वाजवतो, लोकांना हवं ते या पोरांपाशी आहे, हा हिशेब त्यांना तिथे उमगला. गावठी सुरांचा कमीपणा वाटणं तेव्हापासून संपलं.

मग मेम्फिस आणि तिथला बील स्ट्रीट. दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, न्हावी, सराफ, नाटकघरं, सगळी कृष्णवर्णीयांची वस्ती. १९०९मध्ये महापौरपदाची निवडणूक लागली. उमेदवार आपापल्या प्रचाराला बँड भाड्याने घ्यायचे. एडवर्ड क्रंप या उमेदवारासाठी हँडींचा बँड ठरला. क्रंप शहर ‘साफ’ करण्याचं वचन देत होते. गुत्ते बंद करणारा उमेदवार बील स्ट्रीटला काय रुचणार! हँडींनी त्याच्या नावाने एक चाल बांधली, रस्त्यावरच्या लोकांनी तिला शब्द जोडले आणि ते शब्द क्रंपची खिल्ली उडवणारे निघाले. तरी लोक चालीवर नाचले आणि क्रंप थोडक्यात निवडून आले. हीच चाल तीन वर्षांनी ‘द मेम्फिस ब्लूज’ या नावाने छापली गेली.

तिच्यात नवं काय होतं? त्या काळच्या गाण्यांचे खंड सोळाच्या किंवा बत्तिसाच्या हिशेबात पडायचे. इथे चार-चार मात्रांचे बारा खंड. स्वरांतही एक खोच होती. मिसिसिपीच्या खोऱ्यातले गायक गंधार आणि निषाद असे लावायचे की ते धड शुद्ध नाहीत आणि धड कोमलही नाहीत. पियानोच्या पट्ट्यांवर या मधल्या जागा नसतात. म्हणून हँडींनी शुद्ध स्वरांच्या गाण्यात अधूनमधून कोमल गंधार आणि कोमल निषाद पेरले. मूळ गाण्यातली तगमग पाश्चात्त्य स्वरलिपीत जेवढी मावेल तेवढी त्यांनी बसवली. ‘ब्लूज’ नावाने छापलेलं हे पहिलं गाणं मात्र नव्हे. हार्ट वाँडचं ‘डॅलस ब्लूज’ त्याच वर्षी काही महिने आधी आलं होतं.

विकलेल्या गाण्याचं पुढे काय झालं ते हँडींना बाजूला उभं राहून पाहावं लागलं. जॉर्ज नॉर्टन यांनी त्याला शब्द लिहिले. १९१४मध्ये व्हिक्टर कंपनीच्या बँडने त्याची ध्वनिमुद्रिका काढली. व्हर्नन आणि आयरीन कॅसल या नर्तक दांपत्याचे बँडप्रमुख जेम्स रीस युरोप यांनी त्याचा ठेका उचलला आणि त्यातून फॉक्सट्रॉट या नाचाला बळ मिळालं, असं मानलं जातं. १९०९च्या अमेरिकी कायद्याने मुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट हक्कदाराला द्यायची तरतूद केली होती. ते दोन सेंट हँडींच्या खिशात जाणार नव्हते.

दुसरं गाणं दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हे तिथे ठरलं. भागीदार मिळाला तो हॅरी पेस. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा अटलांटातला विद्यार्थी, मेम्फिसच्या एका बँकेत रोखपाल, गाणीही लिहायचा. एकाला सुरांचं ज्ञान, दुसऱ्याला जमाखर्चाचं. ‘पेस अँड हँडी म्युझिक कंपनी’ उभी राहिली.

तेव्हा गाण्याचा धंदा म्हणजे प्रामुख्याने छापील कागदाचा धंदा होता. मध्यमवर्गीय घरात पियानो असे आणि नवं गाणं हवं तर त्याची स्वरलिपी विकत आणून घरच्या कुणीतरी वाजवायची. मोठ्या दुकानांत काउंटरवर पियानो ठेवलेला असे. गिऱ्हाईक कागद पसंत करी, वादक तो वाजवून दाखवी. रंगमंचावरच्या गायिकेने गाणं उचललं तर तिचा फोटो मुखपृष्ठावर छापायचा आणि खप वाढवायचा. या सगळ्याची सूत्रं न्यूयॉर्कच्या गोऱ्या प्रकाशकांकडे. मेम्फिसमधल्या एका दुकानात हँडी आपल्या प्रती घेऊन गेले, तेव्हा मालकाने सांगितलं की कृष्णवर्णीयांची गाणी आमचं गिऱ्हाईक घेणार नाही. त्याच वेळी दुकानाच्या काचेत कृष्णवर्णीय रचनाकारांचीच गाणी मांडलेली होती. मुखपृष्ठावरून ते कळत नव्हतं, इतकंच. हँडी काही बोलले नाहीत. बोलले असते तर ती गाणीही काचेतून काढली गेली असती.

१९१४मध्ये त्यांना ‘मेम्फिस ब्लूज’च्या तोडीचं गाणं हवं होतं. घरात मुलांचा गलका, म्हणून बील स्ट्रीटवर एक खोली भाड्याने घेतली आणि रात्रभर बसून ‘सेंट लुईस ब्लूज’ लिहिलं. नदीकाठचे ते उपाशी दिवस आणि रस्त्यातली ती बाई आता कामी आली. रचनेत त्यांनी मुरब्बी बँडमास्तराचा डाव टाकला. नाचणाऱ्या लोकांवर हाबानेराच्या ठेक्याचा कसा परिणाम होतो हे त्यांनी मेम्फिसमध्ये पाहून ठेवलं होतं. म्हणून आरंभी टँगो-हाबानेराचा ठेका, मग एकदम बारा खंडांचा ब्लूज आणि मध्ये सोळा खंडांचा, मायनर सुरावटीतला टँगोचा भाग. नाचणाऱ्याचे पाय एका चालीत पडतायत तोवर जमीन बदलते. गाण्याच्या ओळींची ठेवण अस्सल गावाकडची: एक ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरीत तिचं उत्तर.

गाणं लगेच उचललं गेलं नाही. तरीही या वेळी कॉपीराइट त्यांनी सोडला नाही.

मेम्फिसमध्ये राहणं मात्र अवघड होत चाललं होतं. १९१७च्या मे महिन्यात जमावाने एल पर्सन्स या कृष्णवर्णीय मजुराला जिवंत जाळलं आणि त्याचं मुंडकं बील स्ट्रीटवर आणून टाकलं. हँडींच्या आत्मचरित्रातही त्या क्रौर्याची आठवण आहे. १९१८मध्ये कंपनीने न्यूयॉर्कला बस्तान हलवलं. ब्रॉडवेवरच्या गेइटी थिएटरच्या इमारतीत कचेरी थाटली. कंपनीच्या ‘ए गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ या गाण्याने हात दिला, मग ‘यलो डॉग ब्लूज’ची मुद्रिका जोरात खपली. टटवायलरच्या स्टेशनवर ऐकलेल्या रेल्वेमार्गाचीच ती गोष्ट. विल्यम ग्रांट स्टिल आणि फ्लेचर हेंडरसन हे पुढे नावारूपाला आलेले संगीतकार त्या काळात याच कचेरीत काम करत होते.

१९२०मध्ये मेमी स्मिथ यांच्या ‘क्रेझी ब्लूज’ या मुद्रिकेने कृष्णवर्णीय गिऱ्हाईक किती मोठं आहे हे कंपन्यांना दाखवून दिलं. कागदापेक्षा तबकडी वरचढ ठरणार हे पेसने ओळखलं. १९२१मध्ये त्यांनी भागीदारी सोडली आणि ‘ब्लॅक स्वान’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. जाताना कचेरीतली हुशार माणसंही त्यांच्याबरोबर गेली. हँडींच्या वाट्याला घेणेकरी आले आणि त्यातच डोळ्यांनी दगा दिला; काही काळ दिसेनासं झालं. काही गाण्यांचे हक्क विकावे लागले. ‘सेंट लुईस ब्लूज’ला त्यांनी हात लावू दिला नाही. भाऊ चार्ल्स यांना हाताशी घेऊन त्यांनी ‘हँडी ब्रदर्स’ या नावाने दुकान चालू ठेवलं. ब्लॅक स्वान १९२४पर्यंत दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. हँडींची कचेरी टिकली.

जानेवारी १९२५मध्ये बेसी स्मिथ यांनी ‘सेंट लुईस ब्लूज’ गायलं. साथीला तरुण लुई आर्मस्ट्राँग यांचं कॉर्नेट आणि फ्रेड लाँगशॉ यांचा, आपल्या संगीत नाटकांत वाजायचा त्या जातीचा, पायाने भाता मारायचा ऑर्गन. तीन मिनिटांच्या त्या तबकडीत गायिकेच्या प्रत्येक ओळीला कॉर्नेट उत्तर देतं. १९२९मध्ये याच गाण्यावर बेसी स्मिथ यांचा एकमेव चित्रपट निघाला, लहानसाच. अमेरिकेत सर्वाधिक वेळा ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांत याची गणना होऊ लागली आणि हँडींच्या घरची चूल याच एका गाण्यावर पेटत राहिली. १९२६मध्ये त्यांनी ‘ब्लूज : ॲन अँथॉलॉजी’ हा संग्रह काढला. एबी नाइल्स या वकिलाने त्याला प्रस्तावना लिहिली आणि मिगेल कोवारुबियास यांनी चित्रं काढली. १९२८मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास मांडणारी मैफल केली.

१९३८मध्ये मात्र त्यांच्या मालकीला जाहीर आव्हान मिळालं. रिप्ली नावाच्या निवेदकाच्या रेडिओ कार्यक्रमात हँडींची ओळख जॅझ आणि ब्लूजचे जनक अशी करून दिली गेली. न्यू ऑर्लीन्सचे पियानोवादक जेली रोल मॉर्टन ते ऐकून खवळले. ‘डाउनबीट’ मासिकात त्यांचं लांबलचक पत्र छापून आलं. जॅझ मी १९०२मध्ये निर्माण केला, हँडींनी दुसऱ्यांचे सूर स्वतःच्या नावावर केले, असा त्यांचा सूर. मॉर्टन यांचा स्वतःचा दावा फुगवलेला होता, पण आरोपात तथ्याचा अंश होता. हँडींनीही तो कधी लपवला नाही. स्टेशनवरचा माणूस, क्लीव्हलंडची पोरं, सेंट लुईसची बाई, सगळ्यांची ऋणं त्यांनी स्वतःहून नोंदवून ठेवली. पण त्या नोंदीतून कुणाला एक सेंटही मिळाला नाही. कायदा कागदावरची रचना ओळखतो. ओठांवर वाढलेल्या गाण्याला तो कुणाचंच समजत नाही, आणि जो पहिल्यांदा लिहून काढतो त्याच्या पदरात टाकतो. लिहून काढणारा निदान त्याच समाजातला होता, हे त्यातलं समाधान. नाहीतर तेही बेनेटकडे गेलं असतं.

त्याच कायद्याने १९४०मध्ये त्यांना एक देणं परत केलं. कॉपीराइटची मुदत तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, आणि ती संपल्यावर नूतनीकरणाचा हक्क मूळ रचनाकाराचा असे. सदुसष्टीच्या उंबरठ्यावरच्या हँडींनी तारीख विसरायचा प्रश्नच नव्हता. ‘द मेम्फिस ब्लूज’ त्यांच्या नावावर आलं. पुढच्याच वर्षी आलेल्या, आर्ना बाँटेम्प्स यांनी संपादित केलेल्या आत्मचरित्रात या सौद्याचा सविस्तर हिशेब आहे.

१९४३मध्ये भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडल्यावर त्यांची दृष्टी कायमची गेली. १९५४मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांनी त्यांच्याच गाण्यांची एक सबंध तबकडी केली. ती ऐकायला हँडी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. २८ मार्च १९५८ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला वारले.

हे सूर त्याआधीच मुंबईला पोचले होते. जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदातले क्रिकेट स्मिथ १९३०च्या दशकाच्या मध्यावर ताजमहाल हॉटेलात बँड वाजवत होते. अशा वादकांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसत गोव्याचे वादक तयार झाले. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट त्यांपैकीच. पुढे ते सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले आणि ‘अलबेला’त पडद्यावरही दिसले. पण आपल्या चित्रपटगीतांच्या चाली आणि शब्द लिहिणाऱ्यांना मालकीचा धडा गिरवायला फार वेळ लागला. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, तेव्हा कुठे २०१२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं की रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला आता लिहूनही सोडता येत नाही. नडलेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, हे गृहीत धरून केलेला हा कायदा आहे.